लाकडी बुकएंड : मोल पायाखालच्या पत्र्याचे

टेबलावर किंवा फळीवर उभी ठेवलेली पुस्तकांची रांग आडवी पडू नये म्हणून दोन्ही टोकांना जो टेकू लावतात, त्याला बाजारात बुकएंड म्हणतात. मराठीत त्याला वेगळे रूढ नाव नाही, कारागिरांच्या तोंडीही हाच शब्द आहे, म्हणून आम्हीही तोच वापरतो. वस्तू लहान आहे. लाकडाचा एक ठोकळा, त्याच्या पायाखाली धातूचा पत्रा, तीन स्क्रू आणि तळाला कापडाचा तुकडा, एवढाच ऐवज. पण ज्या सुतार कारागिराला दुसऱ्याच्या कारखान्यात नगावर काम करावे लागते, त्याला स्वतःच्या नावाने काही विकायचे असेल तर इतक्या थोड्या भांडवलात जमणारी वस्तू सहसा सापडत नाही.

आमचा व्यापार कापडाचा. लाकडाच्या मालात आम्ही का बोलावे, असे कोणी विचारील. पडद्याचे आणि सोफ्याचे कापड विकणाऱ्या दुकानात मिलच्या नमुन्यांची जाडजूड पुस्तके असतात. ती उभी ठेवली की घसरतात, एक पडले की दहा पडतात. त्यासाठी टेकू विकत घेता घेता या मालाची पारख करण्याची सवय लागली. बाजारात जे विकले जाते त्यातला पुष्कळसा माल दिसायला देखणा पण कामाला निकामी असतो, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. नक्षी सुरेख, पॉलिश झगझगीत, आणि उलटे करून पाहावे तर खाली पत्राच नाही. असेल तर डब्याच्या झाकणासारखा. शेरवानीला अस्तर कसे लावले आहे हे जाणते गिऱ्हाईक आधी आतून पाहते. बुकएंडचे अस्तर म्हणजे हा पत्रा.

तो कशाला लागतो? पुस्तके एका बाजूला कलली की सगळ्या रांगेचा रेटा शेवटच्या पुस्तकातून ठोकळ्याच्या वरच्या भागावर येतो. ठोकळा बुटका असेल तर सरकतो, उंच असेल तर उलटतो. नुसत्या वजनाने तो थोपवायचा म्हटले तर दगडासारखा जड ठोकळा करावा लागेल. पत्र्याची युक्ती वेगळी आहे. ठोकळ्यातून बाहेर आलेली पत्र्याची जीभ टोकाच्या दोन-चार पुस्तकांखाली जाते आणि त्या पुस्तकांचेच वजन तिला फळीशी दाबून धरते. म्हणजे जी पुस्तके ढकलतात, तीच टेकूला धरूनही ठेवतात. ही कल्पना जुनी आहे. एकाच पत्र्यातून कापून वाकवलेल्या टेकूचे पेटंट अमेरिकेत १८७७ साली झाले होते. वाचनालयांत दिसणारे लोखंडी टेकू त्याच जातीचे. लाकडी बुकएंडमध्ये उभा भाग लाकडाचा असतो, एवढाच फरक.

पत्र्याचा हिशेब

पत्रा फार जाड घेतला तर त्यावरचे पुस्तक शेजारच्या पुस्तकापेक्षा वर उचलले जाते आणि जिभेची कड बांधणीला लागते. फार पातळ घेतला तर रेटा आल्यावर ठोकळ्याच्या कडेपाशी पत्रा वाकतो आणि ठोकळा मान टाकतो. आमच्या पाहण्यात १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा या कामाला सर्वांत योग्य ठरला आहे. ठोकळा ६ इंच उंच, साडेचार इंच रुंद आणि २ इंच जाड घेतला, तर पत्रा ६ बाय ४ इंचांचा घ्यावा. त्यातला दीड इंच ठोकळ्याखाली राहील आणि साडेचार इंचांची जीभ बाहेर येईल.

८ बाय ४ फुटांचा १८ गेजचा एक पत्रा वजनाला जवळपास २८ किलो भरतो. कात्री मशीनवर त्यातून ६ बाय ४ इंचांचे बरोबर १९२ तुकडे निघतात, वाया काही जात नाही. म्हणजे एका पत्र्यात ९६ जोड्या. एक तुकडा सुमारे १४६ ग्रॅमचा पडतो. लोखंड किलोला ७० रुपये धरले तर जोडीला वीस-साडेवीस रुपयांचे लोखंड लागते.

आता बचतीचा मोह पाहा. १८ गेजऐवजी २२ गेज घेतला तर जाडी ०.७ मिलिमीटरवर येते, आणि जोडीमागे आठ-साडेआठ रुपये वाचतात. पण सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. लोखंड चाळीस टक्क्यांनी कमी झाले, तरी ताठपणा मात्र पाचव्या हिश्श्यावर येतो. सुताच्या नंबरात एक-दोन घरांचा फरक गिऱ्हाइकाच्या हाताला सहसा कळत नाही. इथे पहिल्याच आठवड्यात कळतो.

सहारनपूरच्या एका कारागिराची हकिगत आम्हाला माहीत आहे. नमुना १८ गेजचा देऊन त्याने मोठी ऑर्डर मिळवली. मधल्या दलालाने मागाहून भाव तोडला आणि वर सुचवले की पत्रा पातळ घ्या, तो खाली जातो, कोण पाहतो? माल गेला, ठोकळे कलू लागले आणि माल परत आला. दलालाचे काही गेले नाही, कारण कागदावर त्याचे नाव नव्हते. लाकूड, मजुरी, दोन्ही बाजूंचे भाडे, सगळे त्या कारागिराच्या अंगावर पडले. हे सारे जोडीमागे आठ रुपयांसाठी झाले. म्हणून कारागीर बांधवांना आमचे सांगणे असे की, ऑर्डरच्या चिठ्ठीवर पत्र्याचे गेज आकड्यात लिहून घ्यावे. भाव तोडायचा असेल तर नक्षी कमी करावी, पॉलिशचा एक हात कमी करावा. पत्र्याला हात लावू नये.

कापलेल्या पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी असते. चारही कडा कानशीने मारून कोपरे गोल करावेत, नाहीतर पुस्तकाची बांधणी फाटेल आणि एखाद्या मुलाचे बोटही कापेल. गंजाला पावडर कोटिंग उत्तम. पितळ दिसायला शाही असले तरी महाग आहे आणि हाताच्या घामाने काळे पडते, तेव्हा ज्याचे गिऱ्हाईक तसे असेल त्यानेच त्याच्या वाटेला जावे.

लाकूड आणि त्याची जोडणी

उत्तरेत हे काम शीशम आणि आंब्याच्या लाकडात होते. आपल्याकडचा शिसव म्हणजे उत्तरेतला शीशम नव्हे, दोन्ही एकाच कुळातले असले तरी झाडे वेगळी. आमच्या मापाचा शीशमचा ठोकळा ७०० ग्रॅमच्या आसपास भरतो, आंब्याचा त्याहून हलका. शीशमचा आतला गडद गाभा टिकाऊ असतो, बाहेरच्या पांढरट भागाला कीड लागते. आंब्याला तर हमखास लागते, म्हणून ते बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यातून काढल्याशिवाय वापरूच नये. विकलेल्या मालातून महिन्याभराने पिवळा भुसा गळू लागला तर ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

महाराष्ट्रातल्या कारागिरांना आम्ही तिसरे लाकूड सुचवू : जुने सागवान. पडलेल्या वाड्यांचे आणि चाळींचे वासे, चौकटी, दारे आपल्याकडे विकायला येतात. वर्षानुवर्षे वाळलेले हे लाकूड वाकत नाही, चिरत नाही. मोठ्या फर्निचरला न चालणारे हात-दीड हाताचे तुकडे या कामाला पुरतात. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारासारख्या ठिकाणी असे तुकडे रोज निघतात आणि बरेचसे जळणात जातात. एक खबरदारी मात्र घ्यावी. जुन्या लाकडात खिळे मोडून राहिलेले असतात, तेव्हा रंधा किंवा मशीन लावण्याआधी ते शोधून काढावेत.

ताजे लाकूड असेल तर ओल दहा-बारा टक्क्यांवर येईपर्यंत थांबावे. परदेशी थंडीत घरे तापवलेली असतात, तिथली हवा फार कोरडी. मुंबईच्या दमटपणात गुळगुळीत दिसणारा ठोकळा तिथे गेला की चिरतो.

खरी बारीकी जोडणीत आहे. नक्षीसाठी आणि दिसण्यासाठी कारागीर लाकडाचे रेशे उभे ठेवतात. मग ठोकळ्याच्या तळाला रेशांची टोके येतात. टोकांत घातलेला स्क्रू रेशांना कापत आत जातो, धरत नाही, आणि दोन-चार वेळा रेटा आला की सैल होतो. जाणते उस्ताद यावर तोड काढतात. तळापासून अर्ध्या-पाऊण इंचावर ठोकळ्यात आरपार आडवे भोक पाडून त्यात कठीण लाकडाची गोल खुंटी सरस लावून ठोकतात. खालून येणारा स्क्रू त्या खुंटीत आडव्या रेशांना पकडतो. खुंटीचे तोंड बाजूने गोल टिकलीसारखे दिसते, कोणी ते गडद लाकडाचे करून त्याचीच शोभा करतात. स्क्रू सव्वा इंचाचा घ्यावा आणि आधी बारीक भोक पाडून मगच फिरवावा.

पत्रा ठोकळ्याखाली नुसता चिकटवला तर ठोकळा एका बाजूने उचललेला राहतो. म्हणून तळाला पटाशीने किंवा राऊटरने पत्र्याच्या जाडीइतकी खाच घेतात. बाजूच्या दोन कडांना पाव-पाव इंच आणि मागच्या कडेला अर्धा इंच लाकूड तसेच सोडले तर पत्रा समोरून दिसतही नाही. स्क्रूचे डोके जवळपास २ मिलिमीटर उंच असते आणि पत्रा १.२ मिलिमीटरचा, तेव्हा डोके बाहेर राहून फळीवर ओरखडे काढणार. यासाठी पत्र्यातले भोक पंचाने ठोकून वाटीसारखे खोलगट करतात आणि लाकडातही तेवढी जागा घेतात. मधले भोक गोल ठेवावे, बाजूची दोन किंचित लांबट. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पत्रा तसा हलत नाही. लांबट भोकात लाकडाला सरकायला जागा मिळते.

पुस्तकाला टेकणारी बाजू अगदी सपाट असावी आणि तळाशी गुण्यात असावी. सहारनपूरचे नक्काश अंगुरी वेलीच्या नक्षीसाठी प्रसिद्ध आहेत आणि हात सुटला की ते चारी बाजूंनी वेल चढवतात. आतल्या बाजूची नक्षी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर वळ उठवते. नक्षी बाहेरच्या अंगाला, तीही उथळ, एवढी बस्स.

तळाच्या कापडाबद्दल मात्र आम्ही अधिकाराने बोलू. पुष्कळ कारागीर लाल किंवा हिरवी मखमल लावतात. मखमलीला लव असते आणि लवेच्या दिशेने ती घसरते. टेकूच्या तळाला घसरणारे कापड लावणे हा उलटा कारभार झाला. लोकरीचा दाबलेला नमदा त्यापेक्षा बरा. सनमाईकच्या फळीवर तोही सरकतो, तिथे पातळ रबर किंवा बुचाचा पत्रा चांगला. रंगीत नमदा घेताना पांढरी मलमल ओली करून त्यावर घासून पाहावी. मलमलीवर रंग उतरला तर तो पावसाळ्यात गिऱ्हाइकाच्या फळीवरही उतरेल. नमदा चिकटवायला पाण्याचा पांढरा गोंद वापरू नये. तो नमद्यातून झिरपतो आणि पत्रा आतून गंजवतो. रबर सोल्युशन पातळ लावून दोन्ही अंगे थोडी वाळू द्यावीत आणि मग दाबावीत.

सहारनपूर, मुरादाबाद आणि परदेशी बाजार

लाकडी नक्षीचे सहारनपूर आणि पितळेचे मुरादाबाद एकाच लोहमार्गावर आहेत. दोन्हीकडे या धंद्यात आपले कारागीर फार मोठ्या संख्येने आहेत. उत्तर प्रदेश सरकारने २०१८ साली ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजना काढली तेव्हा सहारनपूरला लाकूडकाम आणि मुरादाबादला धातूकाम ठरवून दिले. बुकएंड ही या दोन्ही हुन्नरांची मिळून होणारी वस्तू. लाकडाचे रिहल ज्याने पाहिले आहे त्याला सहारनपूरच्या हाताबद्दल सांगायला नको. एकाच फळीतून, सांधा न जोडता, एकमेकांत अडकलेली दोन पाने काढणाऱ्याला बुकएंडचा ठोकळा म्हणजे खेळ आहे. पण खेळ असला तरी त्याला नगावर मजुरी मिळते आणि वस्तूवर नाव दुसऱ्याचे लागते.

परदेशी मालाबाबत एक गोष्ट कारागिरांनाही माहीत असावी. जानेवारी २०१७ पासून शीशमचे संपूर्ण कूळ साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले आणि शीशमच्या मालाला दाखल्यांची मोठी कटकट सुरू झाली. पुष्कळांनी त्या भीतीने शीशम सोडून आंबा धरला. २०१९ मध्ये दहा किलोपर्यंतच्या तयार मालाला सूट मिळाली, पण ती खेपेच्या एकूण वजनावर मोजली जाई, म्हणजे व्यापाराला निरुपयोगी. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील बैठकीत भारताच्या मागणीवरून खुलासा झाला की, दहा किलोची मर्यादा प्रत्येक नगाला आहे, खेपेला नाही, आणि वजन फक्त लाकडाचे धरायचे, धातूचे नाही. पितळी किंवा लोखंडी पायाच्या वस्तूंना तर हा खुलासा जणू मापून शिवल्यासारखा आहे. तरीही ‘शीशम बंद आहे’ असे सांगून भाव पाडणारे आहेत. त्यांना हे साल आणि हा खुलासा सांगावा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा ज्यांचा सगळा धंदा त्या एका देशावर होता त्यांना त्याचा फटका बसला. असा दर कधी चढेल, कधी उतरेल, यावर कारागिराचा काही जोर नाही. सबब, घरचे गिऱ्हाईकही बांधून ठेवावे, असे आमचे मत आहे.

जोडीची किंमत

घरच्या बाजारात भाव कसा ठरवावा? आमचे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून पाहावेत. जोडीला लोखंड २० रुपये. कापणी, भोके आणि कोटिंग ३०. तुकड्यांचे लाकूड ६०. स्क्रू आणि नमदा १५. पॉलिश २५. पंचवीस जोड्यांचा घाणा एकदम काढला तर जोडीला सव्वा तास लागतो असे धरू. दिवसाची मजुरी ८०० रुपये, आठ तास, म्हणजे मजुरी १२५. ही बेरीज २७५. भाडे, वीज आणि बिघाड यांसाठी एक दशांश घातला की ३०२ रुपये. हा खर्च झाला, नफा अजून यायचा आहे. पण आम्ही कारागिरांना विचारतो तेव्हा बहुतेक जण लाकूड, लोखंड आणि पॉलिश मोजून ‘दीडशे पडतात’ म्हणतात आणि दोनशेला विकून पन्नास सुटले म्हणून खूश होतात. आपली मजुरी त्यांनी मोजलेलीच नसते. कापडाच्या धंद्यात विणकराची हीच गत आम्ही आयुष्यभर पाहिली. सूत मोजतो, रंग मोजतो, घरच्या बायकांनी भरलेल्या कांड्या मात्र कोणी मोजत नाही.

गिऱ्हाईक कुठे आहे? शाळांची वाचनालये, मदरशांचे कुतुबखाने, वकिलांच्या आणि हिशेबनिसांच्या कचेऱ्या, स्टेशनरीची दुकाने, आणि आमच्यासारखी नमुन्यांची पुस्तके ठेवणारी दुकाने. नमुन्यांच्या पुस्तकांना ६ इंच उंची अपुरी पडते. त्यांच्यासाठी ठोकळा ८ इंच आणि जीभ ६ इंच करावी, मग पत्राही १६ गेजचा घ्यावा. दुकानात दाखवायला नेताना सोबत आठ-दहा पुस्तके न्यावीत आणि टेकू लावून रांगेला वरून हाताने रेटा द्यावा. नक्षीबद्दल बोलण्याची गरज पडत नाही.

ज्यांना हत्यारांची अडचण आहे त्यांनी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी जवळच्या नागरी सेवा केंद्रात करावी. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आणि लोहार दोन्ही आहेत, नोंदणी कुटुंबातल्या एकाचीच होते. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत त्यात ठरवली आहे. कर्जही आहे, पण ते व्याजी आहे, त्याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

राहिले पॅकिंग. दोन्ही ठोकळे पाठीला पाठ लावून बांधू नयेत, नक्षी घासली जाते. सपाट बाजू समोरासमोर, दोन्ही जिभा एकमेकींवर, मध्ये जाड कागद. कोटिंग पूर्ण सुकल्यावरच बांधावे, आणि पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी गच्च बंद करू नये, आत घाम धरतो आणि स्क्रू गंजतात. पेटीवर लाकडाचे नाव आणि पत्र्याचे गेज छापावे.